मावेजा, ठेव आणि अवसायन

आमच्या आप्पांच्या पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाच्या खाली, एक प्लॅस्टिकची पिशवी आहे. तिच्यात दोन कागद. एक भूसंपादनाच्या निवाड्याची नक्कल, घड्यांवर विरत चाललेली. दुसरी मुदत ठेवीची पावती. ती मात्र त्यांनी मुद्दाम बीडला जाऊन लॅमिनेट करून आणली होती, कारण कागद फाटला तर पैसे अडकतील अशी त्यांना धास्ती होती. पावती आजही करकरीत आहे. पैसे अडकले ते वेगळ्याच कारणानं.

आप्पा माझे चुलते. त्यांची दोन एकर जमीन रेल्वेत गेली, जमिनीचे पैसे एका मल्टीस्टेट पतसंस्थेत गेले, आणि मल्टीस्टेट अवसायनात गेली. तेव्हापासून आप्पा मला या कागदांवरचे शब्द विचारत असतात. "हे अवसायन म्हणजे काय रे?" शब्दकोश उघडून बसायची मला सवय आहे, म्हणून एकेका शब्दामागं गेलो. जे सापडलं ते इथं मांडतो.

पहिला शब्द आमच्या भागाचा, मावेजा. पुण्या-साताऱ्याकडं जमिनीचा मोबदला मिळतो, नुकसानभरपाई मिळते; मराठवाड्यात मावेजा मिळतो. बीडच्या कोणत्याही वर्तमानपत्रात 'वाढीव मावेजा', 'मावेजाचे धनादेश' हे मथळे आठवड्यातून एकदा तरी दिसतात. निजामाच्या राज्यात महसुलाचं दप्तर उर्दूत होतं. 17 सप्टेंबर 1948 ला ते राज्य गेलं, शब्द राहिले. उर्दूतला मुआवज़ा हाच आपला मावेजा. त्याच्या मुळाशी अरबी 'इवज़' आहे, म्हणजे बदली, एकाच्या जागी दुसरं. याच इवज़मधून मराठीला आणखी एक शब्द मिळाला, ऐवज. चोरट्यांनी दीड लाखाचा ऐवज लांबवला, असं आपण वाचतो तो. मावेजा आणि ऐवज हे सख्खे भाऊ. एक जमिनीच्या बदली येतो, दुसरा चोर नेतो. मोबदलाही अरबीच, 'बदल'च्या घरातला. म्हणजे पश्चिम महाराष्ट्रानं घ्या की मराठवाड्यानं, दोघांनी अदलाबदलीचाच शब्द निवडला. नुकसानभरपाई हा शब्द मात्र नुकसान झालं हे आधी कबूल करतो. 1894 चा इंग्रजी अमदानीतला कायदा जाऊन संसदेनं 2013 साली भूसंपादनाचा नवा कायदा केला, त्याच्या नावातच वाजवी भरपाईचा हक्क आणि पुनर्वसन आलं. पुनर्वसन म्हणजे पुन्हा वसवणं. दोन एकरांच्या जागी पुन्हा दोन एकर कुठं वसतात? आप्पांनी पैसे हातात घेतले आणि तेव्हापासून ते शेतकरी कमी आणि ठेवीदार जास्त झाले.

ज्या योजनेत जमीन गेली ती नगर–बीड–परळी रेल्वे. लांबी 261 किलोमीटर, मंजुरी 1995 ची. आष्टीपर्यंत गाडी आली 2022 च्या सप्टेंबरात, आणि बीडमध्ये पहिली प्रवासी गाडी उभी राहिली 17 सप्टेंबर 2025 ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. मंजुरीच्या साली जन्मलेलं मूल त्या दिवशी तिशीचं होतं. मधल्या काळात दरवर्षी अर्थसंकल्प आला की बीडमध्ये एकच शब्द कानावर पडायचा, तरतूद. किती तरतूद झाली, पुरेशी तरतूद नाही, खासदारांनी तरतुदीचा प्रश्न मांडला. केशरकाकू क्षीरसागर, गोपीनाथ मुंडे, नंतर प्रीतम मुंडे, पक्ष वेगळे पण बीडच्या खासदाराचा हा विषय तोच राहिला. तरतूद हा शब्द अरबी 'तरद्दुद'शी जोडला जातो. तिकडं त्याचा अर्थ येरझाऱ्या, मागं-पुढं होणं, मनाची घालमेल. फारसीतून येता येता त्यात खटपटीचा अर्थ शिरला आणि मराठीत तो पक्की सोय या अर्थानं स्थिरावला. पण तीस वर्षं ज्या जिल्ह्यानं रेल्वेची वाट पाहिली, त्याला या शब्दाचा मूळ अर्थ कुणी सांगायला नको.

योजना हा शब्द मात्र अस्सल आपल्या शिवारातला आहे. संस्कृत 'युज्', जोडणं, जुंपणं. बैलाच्या मानेवरचं जू त्याच धातूचं, 'युग'मधून आलेलं. अंतर मोजायचं 'योजन'ही त्याच घरातलं. एकदा जुंपलेली जनावरं न सोडता जेवढं जातील तेवढं एक योजन. म्हणजे योजना करणं याचा जुना अर्थ कागदावर आराखडा आखणं नव्हे. बैल जुंपायचे आणि निघायचं, ही योजना. जुंपून ठेवलं आणि निघालंच नाही, तर बैलाच्या खांद्याला गळू येतं. नांगर धरलेल्या कुणालाही हे ठाऊक आहे. भूसंपादनाची अधिसूचना निघाली की त्या शेतात विहीर पाडता येत नाही, फळबाग लावायचं मन होत नाही, वाटण्या थांबतात, सोयरीक करणारा आधी विचारतो, 'जमीन रेल्वेत आहे का?' आप्पांचं शेत अशा जुंपलेल्या अवस्थेत कित्येक वर्षं उभं होतं.

याच लोहमार्गावर पाटोदा तालुक्यात अंमळनेर आहे. खानदेशातल्या अमळनेराहून वेगळं कळावं म्हणून याला म्हणतात अंमळनेर भांड्याचे. हे नाव वाचलं की मला भांडवल आठवतं. संस्कृतात भाण्ड म्हणजे भांडं आणि भाण्ड म्हणजेच व्यापाऱ्याचा माल. भांडवलाच्या पोटात हे भांडं आहे. माणूस जे भरून ठेवू शकतो ते त्याचं भांडवल. आप्पांचं भांडं पहिल्यांदा भरलं ते जमीन गेल्यावर.

आता ठेव. 'ठेवणे' हे क्रियापद प्राकृत 'ठवेइ'मधून आलं, आणि ते संस्कृत 'स्थापयति'मधून. उभं करणं, स्थिर करणं. म्हणजे ठेव ही जागची न हलणारी गोष्ट. बीड जिल्ह्यात या शब्दाच्या अगदी उलट एक शब्द आहे, उचल. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जाणारं जोडपं मुकादमाकडून उचल घेतं. ती हंगामभर ऊस तोडून फेडायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. माणसं दोन, मोजणी एक. ज्याच्याकडं काही आहे तो खाली ठेवतो, ज्याच्याकडं नाही तो वर उचलतो. एकाच गावात, एकाच भावकीत, एक जण ठेवीदार आणि दुसरा उचल घेणारा. मराठीनं दोघांसाठी हाताच्या दोन क्रिया निवडल्या, यातली नेमकी नजर मला फार मोलाची वाटते. आणि दुःखाची गोष्ट अशी की पुष्कळ ठेवी उचलीतूनच साठल्या होत्या. वीस हंगाम कोयता चालवून मुलीच्या लग्नाला म्हणून ठेवलेले पैसे मी डोळ्यांनी पाहिले आहेत, म्हणजे त्यांची पावती पाहिली आहे.

पावती हा शब्द पावणेमधून आला, 'पावणे' 'प्राप्'मधून. पोचलं, मिळालं. देव पावतो तोही हाच. संस्थेला पैसे पावले, एवढंच पावती सांगते. ते परत पावतील असं ती कुठं म्हणत नाही. आप्पा तिला जपून ठेवतात ते मात्र देव पावल्यासारखं.

पतसंस्था या जोडशब्दातली पत प्राकृत 'पत्तिअइ', म्हणजे विश्वास ठेवतो, या कुळातली असावी असं मला वाटतं. हिंदीतलं 'पतियाना' त्याच कुळातलं आहे. संस्था म्हणजे सम् आणि स्था, एकत्र उभं राहणं. आणि संसद म्हणजे सम् आणि सद्, एकत्र बसणं. लोक एकत्र उभे राहतात ती संस्था, त्यांचे प्रतिनिधी एकत्र बसतात ती संसद. उभं राहणाऱ्यांचा तोल गेला तर बसलेल्यांनी हात द्यायचा, एवढं नातं या दोन शब्दांत आहे असं मी मानतो.

सोसायटी हा शब्दही इथं नीट समजून घ्यायला हवा. मुंबई-पुण्यात सोसायटी म्हटलं की इमारत, लिफ्ट, वॉचमन आणि मेंटेनन्स. बीडच्या खेड्यात सोसायटी म्हणजे विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटी, पीककर्ज देणारी. 'सोसायटी थकली' म्हणजे कर्ज थकलं. या दोन्ही सोसायट्या 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली येतात, त्यांचा निबंधक जिल्ह्यात बसतो, त्याच्या दारात जाता येतं. मल्टीस्टेट वेगळी. तिचे सभासद एकापेक्षा अधिक राज्यांत असतात, म्हणून ती 2002 च्या केंद्राच्या कायद्याखाली येते आणि तिचा निबंधक असतो दिल्लीला. बीडच्या बाजारात या शब्दाचा अर्थ कसा लागला? मल्टी म्हणजे मोठी, मोठी म्हणजे भक्कम. पाटीवरच्या त्या शब्दानं सांगितलं होतं फक्त एवढंच की तक्रार कुठं करायची, आणि ते ठिकाण आप्पांपासून हजार किलोमीटरहून लांब होतं. सरकारी मराठीत 'बहुराज्य सहकारी संस्था' असा शब्द आहे. तो तरी पाटीवर असता तर कुणी विचारलं असतं, बहुराज्य म्हणजे काय.

2002 च्या या कायद्यात सुधारणा करणारं विधेयक लोकसभेत 25 जुलै 2023 ला मंजूर झालं. मणिपूरच्या प्रश्नावर सभागृहात गदारोळ चालू होता, त्या गदारोळातच आवाजी मतदान झालं. 1 ऑगस्टला राज्यसभेनं मंजुरी दिली. सुधारणेत चांगल्या गोष्टी आहेत. सहकार लोकपाल आला, निवडणूक प्राधिकरण आलं, अडचणीतल्या संस्थांसाठी निधी आला. पण त्याच वर्षी आमच्या जिल्ह्यात मल्टीस्टेटांच्या शाखांपुढं रांगा लागत होत्या, आणि त्या रांगेतल्या माणसाचं बोलणं या कायद्याच्या चर्चेत यायला हवं होतं. चर्चा शब्दाचे जुने अर्थ दोन. वेद म्हणताना तोच शब्द पुन्हा म्हणणं, आणि अंगाला चंदन चोळणं. दोन्हीत घोळवणं आहे, जिरेपर्यंत चोळणं आहे. शेतकऱ्याचे आयुष्यभराचे पैसे ज्या कायद्यावर अवलंबून आहेत, तो इतक्या घाईनं मंजूर व्हावा हे मला पटत नाही. दोन्ही बाजूंच्या बाकांना मी हा दोष देतो. 1967 साली याच बीडनं क्रांतिसिंह नाना पाटलांना लोकसभेत पाठवलं होतं. ते तिथं मराठीत बोलत. आप्पांना कळेल अशा भाषेत कायद्यावर बोलणं अशक्य नसतं.

निबंधक या शब्दाचा शोध मात्र मला नाशिकच्या लेण्यांत घेऊन गेला. नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात यानं तिथं कोरून ठेवलंय की त्यानं गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडं, म्हणजे संघांकडं, तीन हजार कार्षापण नाण्यांची ठेव ठेवली. दोन हजार एका श्रेणीकडं, महिना शेकडा एक दरानं. एक हजार दुसरीकडं, पाऊण दरानं. मुद्दल कधी परत घ्यायचं नाही, व्याजातून भिक्षूंचा खर्च चालवायचा. अशा ठेवीला शब्द होता अक्षयनीवी. आणि पुढं लिहिलंय की हे सगळं निगमसभेत ऐकवलं आणि फलकावर 'निबध' केलं. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी महाराष्ट्राच्या भूमीवर ठेव ठेवली गेली ती सभेत मोठ्यानं वाचून, सगळ्यांना दिसेल अशी लिहून. सभा तीच, निबंध तोच. निबंध म्हणजे बांधणं, निबंधक म्हणजे बांधून ठेवणारा.

आणि आता आप्पांचा शब्द, संस्था गुंडाळून तिची देणी भागवण्याचा. अवसायन आणि ते काम करणारा अवसायक हे शब्द 'अव' आणि 'सो' यांपासून झाले, अवसानाच्या घरातले. मराठीत अवसान म्हणजे शेवट, आणि अवसान म्हणजे धीरही; म्हणून अवसान गळतं. पण वेदकाळात या क्रियापदाचा अर्थ होता सोडणं, दावं मोकळं करणं, प्रवास संपवून घोडे सोडणं. जिथं जनावरं सोडून मुक्काम करायचा ती जागा अवसान. योजना म्हणजे जुंपणं, अवसायन म्हणजे सोडणं. मी आप्पांना हे सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सोडल्यावर बैलाला आधी पाणी दावत्यात, वैरण टाकत्यात. मग मालक जेवतो."

अवसायकानं ठेवीदारांची देणी कशी भागवावी, याचं याहून चांगलं वर्णन मला कोणत्याही कायद्यात मिळालेलं नाही. आप्पांचा दावा दाखल आहे, पोच मिळाली आहे, पैसे अजून आलेले नाहीत.

वाचणाऱ्यांनी आज एवढं करावं. घरातली ठेवीची पावती काढा आणि संस्थेच्या नावाखालची बारीक अक्षरातली नोंदणीची ओळ वाचा. तिथं 2002 चा कायदा असेल तर तुमचा निबंधक दिल्लीला आहे. 1960 चा असेल तर जिल्ह्यात आहे. दोन्हीकडं, बँकेच्या ठेवीला असतं तसं पाच लाखांचं विमासंरक्षण पतसंस्थेच्या ठेवीला नसतं. घरातल्या ज्या माणसाच्या नावावर ती पावती आहे, त्याला ही ओळ मोठ्यानं वाचून दाखवा.