दोन जीबीचा जुना डबा

ड्रॉपबॉक्स २००८ साली सगळ्यांसाठी खुलं झालं, फुकटात २ जीबी. आजही तेवढेच. गुगल १५ जीबी देतं, मग हा जुना डबा ठेवायचा कशाला?

मंडळी, २२ जुलै २०२१ आठवा. वाशिष्ठी चिपळुणात शिरली. १८६४ सालच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली पुस्तकं भिजली. २००५ च्या पुरातही तेच झालं होतं! घराघरांतल्या कपाटांचं काय झालं ते सांगायला नको. सातबारा निदान ऑनलाइन मिळतो, आजोबांची पत्रं कुठून आणणार? अशा कागदांचे शेकडो स्कॅन २ जीबीत आरामात मावतात. तेवढ्यासाठी ड्रॉपबॉक्स आजही उपयोगाचं आहे, असं माझं स्पष्ट मत.

पण सगळा भार त्याच्यावर नको. रॅपिडशेअर एके काळी केवढं मोठं! ३१ मार्च २०१५ ला बंद पडलं, तिथल्या फायलीही गेल्या. ड्रॉपबॉक्सच्या फोल्डरमधून कॉम्प्युटरवर फाइल उडवली की तिकडूनही उडते. फुकट खात्यात ती परत मिळवायला ३० दिवस असतात. वर्षभर उघडलं नाही तर खातंच बंद होऊ शकतं. म्हणून पेनड्राइव्हवर एक प्रत काढून घाटावरच्या नातेवाइकांकडे ठेवा. आणि पासवर्ड एकट्या फोनात नको, पुरात फोनही जातो.