चित्रकार्डाची पाठ : मुद्रणालयाची निवड आणि ठाणे-कल्याणचा स्थानिक इतिहास

एखाद्या छायाचित्रकाराने, दुकानदाराने किंवा संस्थेने आपल्या प्रसिद्धीसाठी सचित्र पोस्टकार्डे छापून घ्यावयाचे ठरविले, तर ती कोणत्या मुद्रणालयात छापावीत, हा प्रश्न वरवर पाहता केवळ व्यापारी व्यवहाराचा वाटतो. इतिहासाच्या अभ्यासकाने त्याची दखल का घ्यावी, अशी शंका येणेही स्वाभाविक आहे. परंतु ज्या गावांची जुनी चित्रे आज दुर्मिळ झाली आहेत, त्या गावांच्या इतिहासाकडे वळताच या प्रश्नाचे महत्त्व ध्यानात येते. चित्राच्या किती प्रती निघाल्या, त्या किती काळ टिकल्या आणि त्यांतील कोणता तपशील विश्वसनीय मानावयाचा, या तिन्ही गोष्टी मुद्रणाच्या रीतीने ठरतात. आणि रीतीची निवड ग्राहकाने मुद्रणालय निवडताना केलेली असते. ठाणे, कल्याण व डोंबिवली या परिसराच्या संदर्भात हाच मुद्दा येथे मांडावयाचा आहे.

प्रथम पोस्टकार्डाचा इतिहास थोडक्यात पाहू. टपालखात्याचे पहिले पोस्टकार्ड ऑस्ट्रियात १ ऑक्टोबर १८६९ रोजी निघाले. हिंदुस्थानात ते १ जुलै १८७९ रोजी पाव आणा किमतीला सुरू झाले. हे कार्ड कोरे होते. एका बाजूस पत्ता व दुसऱ्या बाजूस मजकूर, इतकाच त्याचा उपयोग. खासगी प्रकाशकांची चित्रकार्डे प्रचारात आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. आरंभी पाठीमागील संपूर्ण बाजू पत्त्यासाठी राखून ठेवावी लागे, आणि मजकूर चित्राच्या कडेला उरलेल्या जागेत लिहावा लागे. ब्रिटनने १९०२ मध्ये व जर्मनीने १९०५ मध्ये पाठीचे दोन भाग करण्यास मुभा दिली. तेव्हापासून चित्राला कार्डाची एक संपूर्ण बाजू मिळाली, आणि कार्ड हे जाहिरातीचे सोयीचे साधन बनले. मुंबईत क्लिफ्टन आणि कंपनी ही छायाचित्रकारांची पेढी अशी कार्डे प्रसिद्ध करीत असे. कलकत्त्यात डी. मॅक्रोपोलो या तंबाखूच्या व्यापाऱ्यांनीही ती काढली. चित्रकाराची कला, छायाचित्रकाराची पेढी आणि दुकानदाराचा माल ही तिन्ही एकाच कागदावर एकत्र आली, ती या काळात.

त्या काळी मुंबईच्या आसपासच्या ग्राहकापुढे मुख्यतः चार मार्ग होते.

पहिला मार्ग परदेशी छपाईचा. छायाचित्राची प्रत जर्मनीस पाठवावयाची आणि तेथून तयार कार्डांचे गठ्ठे जहाजाने मागवावयाचे. तेथील कोलोटाइपची रीत या कामास विशेष अनुकूल होती. म्युनिकच्या योझेफ आल्बर्ट यांनी १८६८ च्या सुमारास ती व्यवहारात आणली. काचेवर जिलेटिनचा प्रकाशसंवेदी थर देऊन त्यावरून थेट छापावयाचे असल्याने चित्रात जाळीचे ठिपके येत नाहीत, आणि छायेच्या सूक्ष्म छटाही उमटतात. परंतु जिलेटिनचा थर लवकर झिजतो. एका काचेवरून साधारणतः हजार-दोन हजार चांगल्या प्रती निघाल्या की काच नव्याने तयार करावी लागे. हवेतील ओलाव्याचाही या थरावर परिणाम होतो. कोकणपट्टीच्या पावसाळी हवेत हे काम किती कठीण असेल, याची कल्पना त्यावरून यावी.

दुसरा मार्ग शिळाछापाचा. चित्रकार राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईस शिळाछाप मुद्रणालय काढले. त्यासाठी यंत्रे व तंत्रज्ञ जर्मनीहून आणविले होते. १८९६ पासून मुंबईत प्लेगाने कहर मांडला. १८९९ मध्ये हे मुद्रणालय लोणावळ्याजवळील मळवली येथे हलविण्यात आले. पुढे ते जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायखर यांच्या हाती गेले. देवदेवतांच्या रंगीत चित्रांबरोबर पोस्टकार्डे, दिनदर्शिका, लेबले व जाहिरातींची छपाई तेथे होत असे. १९७२ च्या आगीत या मुद्रणालयाची मोठी हानी झाली. मळवली मुंबई-पुणे लोहमार्गावर आहे. त्यामुळे मुंबई व मळवली यांच्यामधील मालाची रेल्वेवाहतूक ठाणे व कल्याण या स्थानकांवरूनच होत असे. मुंबई-ठाणे लोहमार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाला. तो १ मे १८५४ रोजी कल्याणपर्यंत पोचला आणि १८६३ मध्ये बोरघाट चढून पुण्याच्या मार्गास मिळाला. या दृष्टीने आपला परिसर चित्रमुद्रणाच्या वाटेवरच होता.

तिसरा मार्ग हाफटोन ठशाचा. छायाचित्राचे जाळीतून बारीक ठिपक्यांत रूपांतर करून धातूचा ठसा कोरावयाचा आणि तो खिळ्यांबरोबरच यंत्रावर चढवावयाचा. या क्षेत्रात धुंडिराज गोविंद फाळके यांचे नाव विसरता येत नाही. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी त्यांनी छायाचित्रण, ठसे तयार करणे व शिळाछाप ही कामे केली होती. रविवर्मा मुद्रणालयासाठीही त्यांनी काम केले होते. पुढे त्यांनी लोणावळ्यास स्वतःचा छापखाना काढला. तो पुढे दादरला आला व लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स या नावाने ओळखला गेला. १९०९ मध्ये रंगीत मुद्रणाची यंत्रसामग्री पाहण्यासाठी व आणण्यासाठी ते जर्मनीस गेले. स्वदेशीच्या भर काळातही एतद्देशीय मुद्रकास यंत्रासाठी परदेशाकडे पाहावे लागत होते, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. तथापि छपाईचे काम मात्र येथील कारागिरांच्या हातांनी होऊ लागले होते.

चौथा मार्ग ब्रोमाइडचा. या मार्गात छापखान्याची गरजच नसते. पाठीमागे पत्त्याच्या रेघा छापलेला, कार्डाच्या आकाराचा प्रकाशसंवेदी कागद बाजारात मिळे. छायाचित्रकार आपल्या अंधाऱ्या खोलीत निगेटिव्हवरून त्यावर थेट प्रत उतरवी. कोडॅक कंपनीने १९०३ मध्ये सव्वातीन इंच रुंद व साडेपाच इंच लांब निगेटिव्हचा कॅमेरा काढला, तो याच आकाराच्या कार्डांसाठी. येथे दहा प्रती काढणेही शक्य होते. मात्र प्रत्येक प्रत स्वतंत्रपणे करावी लागत असल्याने संख्या वाढली तरी दर फारसा उतरत नसे.

या चार मार्गांची तुलना केली असता एक तत्त्व स्पष्ट होते. पहिल्या तीन मार्गांत आरंभीचा खर्च मोठा व पुढील प्रतीचा खर्च अल्प असतो. म्हणून हजारो प्रती खपण्याची खात्री असलेल्या विषयांनाच ते परवडतात. मुंबईचे बंदर, व्हिक्टोरिया टर्मिनस, ताजमहाल यांची चित्रे पुन्हा पुन्हा छापली गेली. कारण त्यांना देशोदेशीचे प्रवासी गिऱ्हाईक होते. ठाण्याच्या मासुंदा तलावाच्या किंवा कल्याणच्या दुर्गाडीच्या चित्राला असा ग्राहक कोठून मिळावा? ठाण्यात मुद्रणाविषयी आस्था नव्हती असे मात्र कोणी समजू नये. ‘अरुणोदय’ हे साप्ताहिक ठाण्यात १८६६ मध्ये निघाले. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, तर ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. वाचनाची भूक व छापील अक्षर दोन्ही येथे होती. उणीव होती ती चित्राच्या मोठ्या बाजारपेठेची. म्हणून या गावांतील प्रसंगांची चित्रे निघाली असतील, तर ती बहुधा ब्रोमाइडच्या मार्गाने, थोड्या प्रतींत निघाली असावीत, असे अनुमान करता येते. अशा प्रती ग्रंथालयांच्या संग्रहात क्वचित पोचतात. त्यांचा शोध घरोघरच्या जुन्या पेट्यांत व अल्बमांत घ्यावा लागेल.

हे अनुमान तपासण्याचे साधन कार्डाच्या पाठीवर असते, आणि नेमकी तीच बाजू अभ्यासक बहुधा पाहत नाहीत. १८६७ च्या मुद्रणालये व पुस्तकनोंदणीविषयक कायद्याने हिंदुस्थानात छापलेल्या पुस्तकावर वा कागदावर मुद्रकाचे नाव व मुद्रणाचे ठिकाण छापणे बंधनकारक केले होते. परदेशी छपाईच्या कार्डांवर पुष्कळदा जर्मनीचा उल्लेख आढळतो. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू होताच जर्मनीशी हा व्यापार तुटला, म्हणून तो उल्लेख कालनिर्णयासही उपयोगी पडतो. ब्रोमाइड कार्डावर तिकिटाच्या चौकोनात कागदाच्या जातीची खूण असते. तिच्यावरूनही काळ अजमावता येतो. पाठीचे दोन भाग केले आहेत की नाहीत, हे पाहणे अर्थातच पहिले पाऊल होय.

चित्राच्या बाजूविषयीही एक इशारा देणे अवश्य आहे. भिंगातून पाहिल्यास हाफटोनमध्ये ठिपक्यांच्या नियमित ओळी दिसतात, कोलोटाइपमध्ये अनियमित सुरकुत्यांसारखे कण दिसतात, आणि ब्रोमाइडमध्ये दोन्ही दिसत नाहीत. रंगीत कार्डांचा रंग मात्र पुरावा म्हणून घेऊ नये. मूळ छायाचित्र एकरंगी असे, आणि रंग परगावच्या किंवा परदेशच्या छापखान्यातील कारागीर आपल्या समजुतीने भरी. लुगडे हिरवे होते की जांभळे, हे अशा कार्डावरून ठरविणे म्हणजे सॅक्सनीतील कामगाराच्या कल्पनेला कोकणातील वस्तुस्थिती मानणे होय.

या चर्चेचा आजच्या व्यवहाराशी संबंध आहे. टपालखात्याने २००२ मध्ये पत्त्याच्या बाजूवर जाहिरात असलेले ‘मेघदूत’ पोस्टकार्ड पंचवीस पैशांना काढले, तेव्हा कार्ड व जाहिरात यांचा जुना संबंध पुन्हा प्रकट झाला. आज ठाणे-कल्याण पट्ट्यातील छायाचित्रकार वा संस्था चित्रकार्डे छापावयास निघाली, तर तिच्यापुढेही जुनाच पेच उभा राहतो. ऑफसेटमध्ये पत्रे तयार करण्याचा आरंभीचा खर्च असतो, म्हणून हजारो प्रतींनाच तो स्वस्त पडतो. डिजिटल यंत्रावर शंभर प्रतीही निघतात, पण दर प्रतीमागे खर्च अधिक. म्हणून निवडीपूर्वी तीन प्रश्न विचारणे हिताचे. प्रती किती व कोणासाठी? रंग मूळ चित्राशी ताडून पाहण्यासाठी नमुनाप्रत मिळेल काय? आणि कागद व शाई किती वर्षे टिकतील? यांना मी इतिहासाच्या वतीने चौथा प्रश्न जोडतो : कार्डाच्या पाठीवर छायाचित्रकाराचे व मुद्रकाचे नाव, स्थळ आणि वर्ष छापले जाईल काय? १८६७ च्या कायद्याची जागा आता २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली आहे. परंतु कायदा काहीही सांगो, ही चार अक्षरे छापण्यास खर्च जवळजवळ काही येत नाही. ती नसली, तर पन्नास वर्षांनी त्या चित्राचे स्थळ कोणते व काळ कोणता, हे सांगण्यास कोणी उरत नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातील कौटुंबिक संग्रहांची नोंद हाती घ्यावी, ही विनंती. नोंद करताना प्रथम कार्ड उलटावे, पाठीवरचा प्रत्येक शब्द व खूण उतरून घ्यावी, आणि मगच चित्राकडे वळावे. ठाणे, कल्याण व डोंबिवली यांचे रूप गेल्या काही दशकांत इतके पालटले आहे की, जुन्या वाटा, तळी व वाडे यांची साक्ष पुष्कळ ठिकाणी अशा कागदावरच उरली असण्याचा संभव आहे. अल्बम विकले जाण्यापूर्वी किंवा वाळवीच्या तोंडी पडण्यापूर्वी हे काम झाले पाहिजे.