अर्धीच दिसणारी स्मृती

२००२ सालची गोष्ट. ठाण्यात खोपट एस. टी. स्थानकाच्या परिसरातील एका शाळेत पेन्टियम-२ जातीचा एकच संगणक होता. त्याची स्मृती ६४ मेगाबाइट होती. शिक्षकांना मराठी प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये टंकित करायच्या होत्या. त्यासाठी विंडोज एक्सपी ही प्रणाली हवी होती आणि तिच्यासाठी १२८ मेगाबाइट स्मृतीची शिफारस होती. शिक्षकांनी आपसात वर्गणी काढली. त्यांच्यापैकी एक सर मुंबईहून २५६ मेगाबाइटची स्मृतिपट्टी घेऊन आले. पट्टी खाचेत नीट बसली, संगणक सुरूही झाला. पण पडद्यावर मोजला जाणारा आकडा १,९६,६०८ किलोबाइटवर थांबला. म्हणजे १९२ मेगाबाइट. ६४ आणि २५६ मिळून व्हायला हवे होते ३२०.

दुकानदाराने तीच पट्टी आपल्या यंत्रावर लावली, तेव्हा पूर्ण २५६ दिसले. शाळेत आणली की पुन्हा १२८! काम अडले नव्हते, पण वर्गणीचे निम्मे पैसे वाया गेल्यासारखे झाले होते. दुकानदाराने फसवले, की सरांनीच स्वस्तातली पट्टी आणली, अशी कुजबुज शिक्षकांच्या खोलीत सुरू झाली. मी त्या वेळी एम. एस्सी.चा विद्यार्थी होतो. सरांनी विचारले, तेव्हा मलाही उत्तर देता आले नाही. ते पुढे सापडले, आणि ते समजायला संगणकाच्या स्मृतीचा इतिहास थोडा मागून पाहावा लागतो.

कड्यांची स्मृती

भारतात बनलेला पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक संगणक ‘टिफ्रॅक’ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झाला. त्याची स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती. प्रत्येक कडे एका किंवा उलट दिशेने चुंबकित करायचे. एक दिशा म्हणजे ०, दुसरी म्हणजे १. टिफ्रॅकमध्ये प्रत्येकी ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. गुणाकार केला तर ८१,९२० बिट, म्हणजे जेमतेम १० किलोबाइट. सरांनी आणलेली पट्टी याच्या सव्वीस हजार पट मोठी होती.

या कड्यांमधून उभ्याआडव्या तारा ओवलेल्या असत. हवे ते कडे निवडायचे तर एक आडवी आणि एक उभी तार निवडायची. दोन्ही तारा जिथे एकमेकींना छेदतात, तेच कडे प्रतिसाद देते. ओळ आणि स्तंभ यांनी मिळून पत्ता सांगण्याची ही रीत लक्षात ठेवावी; कडी गेली, पण रीत टिकली.

एक पिन, दोन कामे

१९६६ साली आय.बी.एम.मधील रॉबर्ट डेनार्ड यांना एक बिट साठवण्यासाठी केवळ एक ट्रान्झिस्टर आणि एक धारित्र पुरेल अशी कल्पना सुचली. धारित्रात विद्युतभार असला तर १, नसला तर ०. हा भार गळत असल्याने तो सेकंदात अनेकदा पुन्हा भरावा लागतो. पण रचना इतकी लहान, की एका चिपवर हजारो बिट मावू लागले. १९७० साली इंटेलने विक्रीस आणलेल्या ‘११०३’ या चिपवर १,०२४ बिट होते.

बिट वाढले तसा नवा प्रश्न उभा राहिला. ४,०९६ घरांतून एक घर निवडायला १२ अंकी द्विमान पत्ता लागतो, म्हणजे पत्त्यासाठीच १२ पिना. मोस्टेक या कंपनीने १९७३ साली यावर साधा तोडगा काढला. पिना सहाच ठेवायच्या. त्यांवरून आधी ओळीचा क्रमांक पाठवायचा आणि मग स्तंभाचा. ६४ ओळी गुणिले ६४ स्तंभ बरोबर ४,०९६. सातवी पिन जोडली की १२८ गुणिले १२८, म्हणजे १६,३८४. आय.बी.एम.च्या १९८१ सालच्या वैयक्तिक संगणकात अशाच १६,३८४ बिटांच्या चिपा होत्या.

पट्टी आणि मार्गाची रुंदी

त्या संगणकात स्मृती वाढवायची तर नऊ सुट्या चिपा एकेक करून खोबणीत बसवाव्या लागत: आठ माहितीच्या आणि एक चूक पकडण्यासाठी. एखादा पाय वाकला की काम फसले. वँग लॅबोरेटरीज या कंपनीतील जेम्स क्लेटन यांनी १९८० नंतरच्या काही वर्षांत या नऊ चिपा एका लहान पट्टीवर बसवल्या. तीच ‘सिम’ पट्टी.

३० पिनांची ही पट्टी एका वेळी माहितीचे ८ बिट देई. ४८६ प्रक्रियकाचा माहितीमार्ग ३२ बिटांचा, म्हणून त्याला अशा चार पट्ट्या एकदम लागत. तीन लावल्या तर संगणक तीन चतुर्थांश वेगाने चालत नसे. त्या पट्ट्या त्याच्या उपयोगीच पडत नसत. पुढे ७२ पिनांची, ३२ बिटांची पट्टी आली. पण १९९३ च्या पेन्टियमचा मार्ग ६४ बिटांचा झाला आणि पट्ट्या जोडीने घ्याव्या लागल्या. १६८ पिनांच्या ‘डिम’ पट्टीने ६४ बिट एकटीने दिले, तेव्हा कुठे ही जोड्यांची कटकट संपली. आपल्या शाळेतील पट्टी याच जातीची होती.

तेरावी ओळ-तार

शाळेच्या संगणकातील मदरबोर्डवर इंटेलचा ‘४४० बीएक्स’ हा १९९८ सालचा चिपसेट होता. स्मृतीला पत्ते सांगण्याचे काम त्याचे. तो ओळीसाठी १२ अंकी आणि अशा चिपेतील स्तंभासाठी १० अंकी पत्ता देई. चिपेच्या आत ४ स्वतंत्र विभाग. आता गुणाकार करा: ४,०९६ गुणिले १,०२४ गुणिले ४, म्हणजे सुमारे १ कोटी ६८ लाख घरे, प्रत्येक घरात ८ बिट. अशा आठ चिपा मिळून होतात १२८ मेगाबाइट.

सरांच्या पट्टीवर आठच चिपा होत्या, पण नव्या, दुप्पट दाटीच्या. त्यांना ओळीसाठी १३ अंकी पत्ता लागे. तेरावा अंक सांगणारे कोणी नसल्याने निम्म्या ओळी कधी उघडल्याच गेल्या नाहीत. दुकानदाराच्या यंत्रावर अधिक नवा चिपसेट होता. तिथे त्या उघडत. पट्टी निर्दोष, दुकानदार खरा आणि सरही खरे!

इलाजही सोपा होता. २५६ मेगाबाइटचीच, पण जुन्या दाटीच्या १६ चिपा असलेली, दोन्ही बाजूंनी भरलेली पट्टी बदलून घेतली आणि आकडा ३,२७,६८० वर पोचला. वर्गणीचा हिशेब मिटला आणि सरांच्या मागची कुजबुजही थांबली.

पुढे डी.डी.आर. पिढ्या आल्या. त्यांचे विद्युतदाब २.५, १.८, १.५, १.२ आणि १.१ व्होल्ट असे उतरत गेले. चुकीची पट्टी बसूच नये म्हणून प्रत्येक पिढीत खाचेची जागा बदलली. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीच्या पट्ट्यांना २४० पिनाच आहेत, तरी एक दुसरीच्या जागी बसत नाही. पत्ते सांगण्याचे काम आता चिपसेटऐवजी प्रक्रियकातच होते. म्हणून जुन्या संगणकासाठी पट्टी घेताना चार गोष्टी पाहाव्यात: पिढी, मार्गाची रुंदी, वेग आणि चिपांची दाटी. वेगवान पट्टी सहसा कमी वेगाने चालून घेते; दाटीच्या बाबतीत मात्र अशी तडजोड होत नाही. खाच पहिली चूक अडवते, चौथी अडवत नाही. त्यासाठी मदरबोर्डची माहितीपुस्तिकाच उघडावी लागते.

हे वर्गात करून पाहता येईल. ६४ मुलांना आठ ओळींत आठ-आठ बसवा. ओळ आणि स्तंभ दोन्हींसाठी तीन-तीन अंकी द्विमान क्रमांक द्या आणि पत्ता पुकारून एकेकाला उभे करा. मग ओळीचा क्रमांक दोनच अंकांत सांगायचा असा नियम करा. मागची ३२ मुले वर्गातच असतील, पण त्यांना हाक जाणार नाही. असे का झाले, ते मुलांनाच विचारा.