विरासतीच्या फाइलीत सापडलेली खापरपणजी

मंडळी, आपल्या भागात वंशावळ कशी शोधायची, हे बऱ्याच जणांनी विचारलंय. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो.

आमचं गाव भालकी तालुक्यात. घरात तीन पिढ्यांचं माली पटेलपण होतं. भिंतीवर काचेच्या चौकटीत वंशावळ टांगलेली, सगळी पुरुषांचीच नावं. हेळवी यायचा तोही तीच नावं सांगायचा, सुपातलं धान्य घ्यायचा आणि पुढच्या वाड्याला जायचा. शंका घेण्यासारखं काही नव्हतं, एक गोष्ट सोडून. आमच्या भावकीचा देव खानापूरचा मैलार मल्लण्णा, आम्हीही तिथं जातो. पण आमच्या एकट्या घरातून दर वर्षी निलंग्याकडच्या एका खेड्यातल्या देवीलाही नैवेद्य जातो. का, म्हणून विचारलं की आबा म्हणायचे, "चालत आलंय बाबा, मोडायचं नाही."

माझी भाची अमेरिकेत व्हर्जिनियात असते. तिथल्या जुन्या घराण्यांचे लोक हौसेनं कोर्टातली मृत्युपत्रं आणि जमिनीची खतं वाचून दोन-तीनशे वर्षं मागं जातात, असं ती सांगत होती. तिथं 1785 पर्यंत मृत्युपत्र केलं नाही तर जमीन थोरल्या मुलाला जायची. म्हणून ज्याला बाकीच्यांना काही द्यायचं असेल तो लिहून ठेवायचा, आणि त्या कागदात लेकी, जावई, बायको सगळे यायचे. आपल्याकडं मृत्युपत्र फार कमी घरात. एकत्र कुटुंबात मुलगा जन्मतःच वाटेकरी, मग लिहायचं काय? आपल्याकडं शोधायचं ते वाटणीपत्र, फारखत आणि दत्तकपत्र. आणि जमिनीचे नंबर. एका नंबराचे पोटहिस्से कसे पडत गेले ते खालून वर वाचत गेलं, की कोणाला किती मुलं होती ते आपोआप कळतं.

आता कागदांचा क्रम. आज हातात येते ती पहाणी, कानडीतली. तिच्या मागं 1954-55 ची खासरा पहाणी. ती जरूर काढा, कारण संस्थान गेल्यानंतरची आणि राज्यं फुटायच्या आधीची ती नोंद आहे. त्याच्या मागं निजामाच्या बंदोबस्ताचा सेतवार, उर्दूत. आकार हाली सिक्क्यात, सन फसली. फसली सनात 590 किंवा 591 मिळवा म्हणजे इसवी सन येतो. घरात जुनं दप्तर असेल तर ते मोडीत. म्हणजे एकाच शेताची गोष्ट तीन लिप्यांत, आणि आमच्या पिढीला त्यातली धड एकच येते.

दुसरी अडचण 1956 ची. 1 नोव्हेंबरला बीदर जिल्ह्यातले अहमदपूर, उदगीर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले, भालकी-हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. तिकडची कागदं उस्मानाबादला, आणि 1982 मध्ये लातूर जिल्हा झाल्यावर लातूरला. ज्यांची सोयरीक दोन्हीकडं आहे त्यांना आता दोन राज्यांत खेटे घालावे लागतात. वतन-इनामाच्या जुन्या मिसलींसाठी हैदराबादला, तारनाक्याच्या अभिलेखागारातही चौकशी करावी लागते.

या सगळ्यात खरी खाण म्हणजे विरासतीची फाईल. वतनदार किंवा इनामदार वारला, की हक्क कोणाकडं जाणार याची चौकशी व्हायची. इश्तेहार निघायचा, साक्षी व्हायच्या, वारसाला शजरा म्हणजे वंशवृक्ष जोडावा लागायचा. कोणाची हरकत असेल तर तीही लिहिली जायची. घरात जे झाकून ठेवलं जातं ते तिथं उघडं पडतं.

आमच्या घरची फाईल 1310 फसलीची, म्हणजे 1900-01 ची. बीदरच्या एका निवृत्त उर्दू मास्तरसाहेबांनी ती वाचून दिली. घसट शिकस्ता अक्षर, चार दिवस लागले. तिसऱ्या पानावर ते थांबले आणि म्हणाले, "पाटीलसाब, ये तो किसी औरत का केस है." मुसम्मात अमुक, बेवा अमुक. नवऱ्याचं नाव आमच्या भिंतीवरचंच होतं, खापरपणजोबांचं. दुष्काळाच्या पाठोपाठ ते वारले, पदरी मूल नाही. भावकीनं लगेच अर्ज केला की पटेलकी आमच्याकडं द्या, बाईला अन्नवस्त्र देऊ. बाईनं जबाब दिला की मी दत्तक घेणार, तोवर गुमास्ता ठेवून काम चालवीन. आणि दत्तक घेतला तो भावकीतला नाही, तर सख्ख्या बहिणीचा मुलगा, निलंगा तालुक्यातला. भावकीनं हरकत घेतली. हरकत फेटाळली गेली. खाली तिचा अंगठा आहे.

तो मुलगा म्हणजे माझे पणजोबा. देवीच्या नैवेद्याचा उलगडा तिथं झाला.

भिंतीवर पणजोबा सरळ 'पुत्र' म्हणून लिहिलेले आहेत. हेळव्याच्या वहीतही तसंच. आणि जिनं गावाशी भांडून हे घर उभं ठेवलं तिचं नाव कुठंच नाही. निजामाच्या कारकुनाला तिच्याशी काही देणंघेणं नव्हतं, म्हणून त्यानं ते लिहून ठेवलं. मला तरी असंच वाटतं.

यंदा कुलवृत्तान्त छापायचं ठरलं तेव्हा घरात वाद झाला. थोरले काका म्हणाले, "कशाला उकरून काढतो? उद्या भावकी म्हणंल तुम्ही आमच्या रक्ताचे नाहीत." त्यांची भीती अगदीच खोटी नाही, गावात राहायचं त्यांना आहे. कायद्यानं दत्तक मुलगा तो मुलगाच, जमिनीला काही धोका नाही, हे वकिलाकडून लिहून आणलं तरी ते गप्पच. शेवटी आमच्या आत्या बोलल्या. 1956 मध्येच हिंदू वारसा कायदा आला, पण आत्यांनी सही करून भावांना सगळं सोडून दिलेलं. म्हणाल्या, "माझं नाव नाही घातलं तरी चालंल. तिचं घाला."

दोघींचीही नावं घातली आहेत. काका अजून प्रूफ बघायला तयार नाहीत.

एक राहिलं. फाइलीत तिच्या माहेरच्या गावाचं नाव आहे, पण बापाचं नाव वाळवीनं खाल्लंय. त्या गावचा सेतवार बघायला पुढच्या महिन्यात लातूरला जातोय. आपल्यापैकी कोणाला शिकस्ता वाचता येत असेल आणि सोबत यायची तयारी असेल तर कळवा. गाडी माझी, जेवणही माझ्याकडं.