बुचाची मूठ आणि काळी टेप

मंडळी, आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, याला शनिवारी दुसरं काही काम नाही. विषय असा: गोठलेल्या तळ्यावर मासे धरायच्या गळाच्या काठीला रीळ कसं बांधतात? (इन्स्टाग्रामवरचं रील नव्हे, दोरा गुंडाळायचं रीळ!)

आता यात विचारण्यासारखं काय आहे? तर आहे. उन्हाळ्यातल्या काठीच्या मुठीवर रीळ बसवायला तयार खोबण असते. रीळाचा चपटा पाय त्यात सरकवायचा, स्क्रू आवळायचा, झालं काम. पण मी राहतो त्या मिनेसोटात हिवाळी काठ्या बघितल्या तर कितीतरी काठ्यांना ही खोबण नसतेच. नुसती बुचाची गुळगुळीत मूठ, म्हणजे बाटलीच्या बुचाची तीच हलकी साल. त्यावर रीळ ठेवायचं आणि चक्क इलेक्ट्रिशियनची काळी टेप गुंडाळायची! आणि या काठ्या स्वस्तातल्याच असतात असंही नाही. चांगल्या महागड्या काठ्याही अशाच येतात. बघणाऱ्याला वाटतं, शुद्ध जुगाड आहे. पण या टेपपर्यंत पोचायला माणसाला आठशे वर्षं लागली. कशी, ते थोडक्यात सांगतो.

रीळ म्हणजे आपल्या पतंगाच्या फिरकीचा चुलतभाऊ. त्याच्या सगळ्यात जुन्या चित्रांपैकी एक चीनमधलं आहे. मा युआन नावाच्या चित्रकाराचं, साधारण ११९५ च्या सुमाराचं. इवलीशी होडी, भोवती नुसतं पाणी आणि वाकून बसलेला एकटा कोळी. त्याच्या काठीला बारकंसं चाक आहे. गंमत म्हणजे हे चित्रही हिवाळ्यातलंच. सध्या ते टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

इंग्लंडमध्ये १६५१ साली थॉमस बार्करने आपल्या पुस्तकात अशा चाकाचं वर्णन केलं. ते बसवायला काठीला भोकच पाडलेलं होतं. म्हणजे सरळ हार्डकोडिंग! पुढे काठीभोवती आवळायचे पट्टे आले, मग रीळाला चपटा पाय आला, तो धरून ठेवायला मुठीवर सरकत्या कड्या आल्या आणि शेवटी स्क्रूवाली खोबण. काठी एका कंपनीची, रीळ दुसऱ्या कंपनीचं, मधला इंटरफेस ठरलेला. आपल्या धंद्यातल्या माणसाला एकदम पटेल असं डिझाइन.

मग १९०५ मध्ये आल्फ्रेड इलिंगवर्थने नव्या रीळाचं पेटंट घेतलं. हा गडी कापड धंद्यातला. गिरणीतल्या बॉबिनवरून सूत कसं टोकाकडून अलगद सुटतं, तेच तत्त्व त्याने गळाच्या दोऱ्याला लावलं. बॉबिन स्थिर, दोरा सुटतो. त्यामुळे हलका गळसुद्धा लांब फेकता येऊ लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर ही ‘स्पिनिंग’ रीळं अमेरिकेत घरोघरी पोचली.

पण बर्फावर काय चित्र होतं? इथले मूळचे ओजिब्वे लोक बर्फाला भोक पाडून, वर अंधारी खोप करून बसत. लाकडात कोरलेला खोटा मासा दोरीने पाण्यात हलवायचा आणि खरा मासा बघायला आला की भाला मारायचा. तिथे रीळाचा प्रश्नच नव्हता. नंतर गळ वापरणारेही बरीच वर्षं हातभर काठी, तिला दोन खुंट्या आणि खुंट्यांवर गुंडाळलेला दोरा एवढ्यावर भागवत. मासा लागला की दोरा हातानेच ओढायचा.

कारण उघड आहे. बर्फावर गळ लांब फेकायचाच नसतो, मासा असतो बरोब्बर पायाखाली. म्हणून काठी दोन-तीन फुटांचीच पुरते. पण हातानं ओढलेला ओला दोरा बर्फावर पडतो, गुंततो, गोठतो. त्यात १९८० च्या दशकात डेव्ह गेन्झसारख्यांनी नवीच पद्धत रूढ केली. एका भोकापाशी दिवसभर बसायचं नाही. घसरगाडीवरचा घडीचा तंबू ओढत, गिरमिटाने भोकांमागून भोकं पाडत माशांच्या मागे जायचं. या धावपळीत दोरा नीट गुंडाळणारं रीळ हवंच. पण खोबण हवी का?

इथे मुद्दा येतो थंडीचा. कडाक्याच्या गारठ्यात मासाही सुस्त असतो. तो गळ हिसकत नाही, नुसता ओठाने चाचपून सोडून देतो. व्हायब्रेटवरच्या मिस्ड कॉलसारखं! कधी तर आमिष उचलून वर येतो, तेव्हा झटका लागण्याऐवजी दोरा ढिला पडतो. हे कळलं तर मासा मिळणार, नाहीतर हात हलवत घरी. सगळी मदार बोटांवर.

आणि खोबण नेमकी बोटांच्याच आड येते. एक तर तिचं वजन. इतक्या छोट्या काठीत तेही जाणवतं. दुसरं, धातूची असली तर ती हातातली ऊब खेचून घेते. ॲल्युमिनियम बुचापेक्षा हजारो पट जास्त उष्णता वाहून नेतं. बधिर बोटाला मिस्ड कॉल कसला कळतोय! तिसरं, खोबण ठरावीक जागी असते, पण प्रत्येक रीळाचं वजन वेगळं आणि प्रत्येकाचा हात वेगळा. म्हणून या लोकांनी ती काढूनच टाकली. अशा साध्या मुठीला इथे ‘टेनेसी हँडल’ म्हणतात.

टेप तरी कुठली? ती बनवणारी थ्रीएम याच मिनेसोटातली, १९०२ साली स्थापन झालेली. तिथल्या रिचर्ड ड्रूने १९२५ मध्ये मोटारी रंगवणाऱ्यांसाठी मास्किंग टेप काढली. १९४० च्या दशकात त्याच कंपनीने वायरींसाठी ताणली जाणारी व्हिनाइल टेप आणली. काठीवर ती बसते ते याच ताणामुळे.

पद्धत सोपी आहे. काम घरात, उबेतच करायचं, कारण गारठ्यात टेप कडक होते आणि चिकटत नाही. दोरा-गळासकट काठी एका बोटावर तोलायची आणि तोल हाताशी येईल तिथपर्यंत रीळ पुढेमागे सरकवायचं. मग रीळाच्या पायाच्या दोन्ही टोकांवर टेप ताणून, प्रत्येक फेरा आधीच्याच्या निम्म्यावर येईल अशी गुंडाळायची. शेवटचा फेरा मात्र न ताणता, नाहीतर टोक सुटून वर येतं. सरकत्या कड्याही मिळतात, पण त्या हलल्या तर रीळही हलतं. म्हणून काही जण त्यांच्यावरही टेप मारतात!

मला यातली आवडलेली गोष्ट ही. स्टँडर्ड इंटरफेस वाईट नसतो, पण तो कुठल्यातरी एका कामासाठी ठरलेला असतो. इथे काम बदललं, फेकणं गेलं आणि चाचपणं उरलं. तेव्हा या लोकांनी दोनशे वर्षांची सुधारणा बिनदिक्कत बाजूला ठेवली आणि रीळ कुठे बसावं हे पुन्हा हाताला ठरवू दिलं.

असो. तुमच्या ओळखीत अशी ‘मागे जाऊन पुढे गेलेली’ वस्तू असेल तर जरूर कळवा.