उजेडाने घडवलेले विष : बीएचसी पावडरीचा इतिहास

१/८ फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले. १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. जवळच, शहाडला, सेंच्युरी रेयॉन उभी राहिली. रेयॉनला कॉस्टिक सोडा लागतो.

२/८ मिठाच्या पाण्यातून वीज सोडून सोडा करताना क्लोरीनही निघतो. एक टन सोड्यामागे सुमारे ८८० किलो. हा विषारी वायू साठवणे अवघड, म्हणून सोड्याच्या प्रत्येक कारखान्याला क्लोरीनसाठी गिऱ्हाईक शोधावे लागते. विसाव्या शतकात कीटकनाशकांचा उद्योग हे त्याचे एक मोठे गिऱ्हाईक होते.

३/८ त्या उद्योगाचे मूळ १८२५ मध्ये आहे. मायकेल फॅरेडेने त्याच वर्षी बेंझीन शोधले आणि क्लोरीनसह ते सूर्यप्रकाशात ठेवले. भांड्यात घन पदार्थ जमला. तीच पुढची बीएचसी.

४/८ प्रकाशाने क्लोरीनचा रेणू दुभंगतो, सुटे अणू बेंझीनच्या कड्यावर चढतात आणि साखळी सुरू होते. अखेर एका कड्यावर सहा क्लोरीन बसतात. उजेडाऐवजी लोहक्लोराइड वापरले, तर त्याच दोन पदार्थांपासून क्लोरोबेंझीन मिळते. ते डीडीटीचा कच्चा माल होय.

५/८ म्हणजे हिवतापाविरुद्धची ही दोन्ही अस्त्रे एकाच जोडीची अपत्ये. भारतात १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पुढे डीडीटीला डास दाद देईनासे झाले, तेथे बीएचसी फवारली गेली. शेतात आणि घरातही तिची पावडर पोहोचली.

६/८ मात्र उजेड साखळी सुरू करतो, निवड करत नाही. सहा क्लोरीन कड्याच्या वर-खाली निरनिराळ्या रीतीने बसतात. कीटक मारणारा गॅमा प्रकार मिश्रणात जेमतेम १० ते १५ टक्के असतो. शुद्ध गॅमा म्हणजे लिंडेन. हे नाव १९१२ मध्ये तो वेगळा ओळखणाऱ्या व्हॅन डर लिंडेनवरून पडले.

७/८ गॅमा वेगळा करणे खर्चिक. भारताने दशकानुदशके सबंध मिश्रणच स्वस्तात वापरले. एक किलो उपयुक्त द्रव्यासाठी सहा ते नऊ किलो निरुपयोगी द्रव्य मातीत गेले. त्यातील बीटा प्रकार सर्वांत चिवट. तो चरबीत साठतो आणि आईच्या दुधात उतरतो.

८/८ १९९७ मध्ये भारताने बीएचसीवर बंदी घातली. २००९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत अल्फा, बीटा आणि लिंडेन आले. स्वस्त पावडरीची किंमत कधीच पुड्यावर छापलेली नव्हती. ती पुढच्या पिढीच्या नावे मांडली गेली होती.