गलता-रंध्यांवरील नाममुद्रा

पोथीच्या अखेरीस लेखकानें लिहिलेली पुष्पिका व पहिल्या पानाच्या कोपऱ्यांत मालकानें केलेली नोंद यांची किंमत या पानांच्या वाचकांस सांगावयास नको. कागदाऐवजीं लाकडावर अशीच पुष्पिका व अशीच नोंद वागविणारी एक वस्तु आहे. तिचा परिचय करून द्यावा, व तिच्या बाबतींत आमच्या हातून घडलेला एक प्रमाद नमूद करावा, एवढ्यासाठींच हें टिपण.

ही वस्तु म्हणजे इंग्रजी सुताराचा गलता पाडण्याचा रंधा. दाराची चौकट, खिडकीची पट्टी, छत व भिंत यांच्या सांध्यावरील फळी यांच्या कडेस जे खोलगट, फुगीर अथवा नागमोडी कंगोरे असतात, ते पाडण्याचें हें हत्यार. ‘रंधा’ हा शब्द आपल्याकडे फारसींतून आला. तेथें ‘रंदीदन’ म्हणजे खरवडणें. अमरकोशाच्या शूद्रवर्गांत क्रकच आहे, वृक्षादन आहे, टंक आहे. रंध्याचें नांव मात्र आम्हांस तेथें आढळलें नाहीं. यावरून आपले प्राचीन सुतार रंधा जाणत नव्हते असें कोणी अनुमान काढील तर तें घाईचें होईल. कोशांत शब्द नाहीं म्हणजे जगांत वस्तु नव्हती, हा न्याय आम्हांस मान्य नाहीं. रोमन लोकांजवळ रंधे होते हें निर्विवाद आहे, इ. स. ७९ मध्यें राखेखालीं गडप झालेल्या पाँपेई शहरांत ते सांपडले आहेत.

इंग्लंडांत पूर्वीं सुतार आपलीं हत्यारें बहुधा आपणच करी. कंगोरा पाडावयाचा तर लाकडाच्या खांचेंत हव्या त्या आकाराचें पातें अडकवून तें कडेवर पुनःपुन्हां ओढावयाचें, इतकें साधें साधन पुष्कळदां पुरत असे. परंतु तें खरवडतें, कापीत नाहीं. त्यामुळें मऊ लाकडाचे धागे उपसतात. इ. स. १६६६ च्या आगीनंतर लंडन पुन्हां उभें राहिलें, घराघरांत कंगोरेदार लांकूडकाम वाढलें, आणि रंधे करणें हा सुतारकीहून वेगळा धंदा झाला. जोसेफ मॉक्सन यानें १६७८ पासून हप्त्याहप्त्यानें प्रसिद्ध केलेल्या ‘मेकॅनिक एक्झरसायझेस’ या ग्रंथांत गोल, खोलगट, नागमोडी अशा आकारांचे रंधे वापरांत असल्याचा उल्लेख आहे. त्या शतकाच्या अखेरीस लंडनांत टॉमस ग्रॅनफर्ड हा रंधेकार होऊन गेला. पुढच्या शतकाच्या आरंभीं त्याचा शिष्य रॉबर्ट वुडिंग प्रसिद्धीस आला. वुडिंगमागें त्याच्या विधवेनें धंदा चालविला.

आतां घडण. लांकूड बीच नांवाच्या झाडाचें. ओंडका गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या रेषेंत चिरावयाचा, म्हणजे ठोकळा हवेबरोबर पिळत नाहीं. नंतर तो कांहीं वर्षें वाळूं द्यावयाचा. ठोकळ्याच्या वरच्या अंगीं पातें व पाचर बसण्याजोगें तिरपें भोंक पटाशीनें पाडतात आणि विरळ, धारदार दांतांच्या खास कानशीनें साफ करतात. पात्याचा तळाशीं होणारा कोन बहुधा ५० अंशांचा. लांकूड कठीण व धागा उलटसुलट असल्यास ५५, क्वचित् ६०. तळाचा आकार हातानें कोरीत नसत. त्यासाठीं बरोबर उलट आकाराचा एक ‘आईरंधा’ प्रत्येक कारखान्यांत जपून ठेवलेला असे, व त्याच्यापासून शेंकडों लेंकरें उतरत. एका मूळ प्रतीवरून नकला होतात तशांतलाच हा प्रकार. आणि आईच्या तळांत एखादा दोष शिरला कीं तो साऱ्या वंशांत दिसावयाचा, हेंही पोथ्यांसारखेंच! जेथें तळ फार झिजतो तेथें बॉक्स नांवाच्या घट्ट पिवळ्या लाकडाची पट्टी बसवीत. पातें लोखंडाचें, त्याच्या तोंडाशीं पोलादाचा पातळ थर तापवून जोडलेला. तें तळाच्या आकाराशीं कानशीनें तंतोतंत जुळविल्यावर मग पाणी देत.

वापराची रीत आम्ही एका वृद्ध सुताराजवळ बसून शिकलों. साधा रंधा फळीच्या अलीकडील टोंकापासून पुढें ढकलावयाचा असतो. येथें उलट. पलीकडील टोंकाशीं प्रथम आखूड फेर घ्यावयाचे, आणि प्रत्येक फेरीगणिक थोडें थोडें मागें सरकत यावयाचें, म्हणजे पाडलेली खांचच पुढच्या फेरीला वाट दाखविते. बरेच रंधे तिरपे धरावे लागतात; किती तिरपे, हें पुढील तोंडावर कोरलेल्या बारीक रेषांवरून कळतें. कंगोरा पुरा झाला कीं तळाचा एक कांठ लाकडावर टेकतो व पातें आपोआप कापावयाचें थांबतें. आमच्या पहिल्या प्रयत्नांत पापुद्र्यांऐवजीं भुसा निघाला. म्हातारबोवांनीं पाचरेवर एकच टिचकी मारली, आणि कागदासारखा लांब वेटोळा पापुद्रा वर आला. ज्यांस प्रत्येक आकारासाठीं वेगळा रंधा नको असे ते खोलगट-फुगीर जोड्या ठेवीत. पूर्ण संच १८ जोड्यांचा, म्हणजे ३६ रंध्यांचा असे. एवढ्यांवर हवा तो कंगोरा जुळवितां येई, पण नजर तयार पाहिजे. पुढें यंत्रें आलीं, आणि स्टॅन्ले कंपनीचा अनेक पात्यांचा लोखंडी रंधाही १८८४ मध्यें निघाला. त्याविषयीं येथें लिहिण्याचें कारण नाहीं.

संशोधकाच्या कामाचें तें रंध्याचें तोंड व पाठ. तोंडावर रंधेकाराची मुद्रा ठोकलेली असते. मालकांचीं नांवें बहुधा पाठीवर, पण तोंडावरही, एकापुढें एक, कधीं तीन-चार पिढ्यांचीं. मुद्रा नसली तरी काळ अगदींच कळत नाहीं असें नाहीं. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांतील रंधे बहुधा १० इंच वा त्याहून लांब असतात. त्या शतकाच्या अखेरीस लांबी साडेनऊ इंचांवर स्थिरावली. जुन्यांच्या कडा रुंद व सपाट मारलेल्या, नंतरच्यांच्या अरुंद व गोलसर.

या नांवांनीं काय हातीं लागतें याचें उदाहरण आम्हांस अमेरिकेंतलेंच मोठें वाटतें. मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील रेन्थम गांवीं फ्रान्सिस निकल्सन हा रंधेकार होता. त्याच्याकडे सीझर चेलर नांवाचा एक गुलाम हेंच काम करी. निकल्सन १७५३ मध्यें वारला. मृत्युपत्रान्वयें त्यानें चेलरास मुक्त केलें, आणि दहा एकर जमीन, कामाचा बाक, साधीं हत्यारें व कंगोऱ्याच्या हत्यारांचा एक संच दिला. तेव्हांपासून १७८४ मध्यें मरेपर्यंत चेलर आपल्या नांवानें रंधे करीत राहिला. त्याच्या मुद्रेंत नांवाखालीं ‘राहणार रेन्थम’ असे शब्द आहेत. जो मनुष्य काल दुसऱ्याची मालमत्ता होता, तो आपल्या मालावर आपलें नांव व आपलें गांव ठोकतो! मुक्त होण्यापूर्वीं निकल्सनच्या मुद्रेखालीं गेलेल्या रंध्यांपैकीं किती चेलरच्या हातचे, हें मात्र मुद्रा सांगत नाहीं. पुष्पिकेंत यजमानाचें नांव असावें व लेखकाचें नसावें, अशा पोथ्या आपणही पाहिल्या आहेत.

आतां आमचा प्रमाद. पुण्याच्या जुन्या बाजारांत लोखंडी भंगारांत पडलेला एक रंधा आम्हीं विकत घेतला. लांबी साडेनऊ इंच. तोंडावर केवळ १० हा आंकडा. पाठीवर मळाच्या थराखालीं कांहीं अक्षरें. तीं नीट दिसावींत म्हणून आम्हीं पाठ कांचकागदानें घासली. मळ गेला, आणि त्याबरोबर उथळ ठोकलेलीं अक्षरेंही गेलीं. पोथीच्या पानावर ओला बोळा फिरविणारास आम्हीं जन्मभर दोष देत आलों. येथें तोच हात आमचा होता. पाठीवर तिरपा उजेड पाडला असतां अखेरच्या दोन अक्षरांचे खळगे अद्याप दिसतात. पातळ कागदावर शिसपेन्सिल घासून आम्हीं त्यांचा ठसा घेतला आहे, व रंध्याबरोबर तो त्याच पेटींत ठेवला आहे.